सासूबाईंचं उडणारं पान

भर मे महिन्यात फुलपाखरं बघायला बालाघाटला जाऊन आलो असं सांगितलं, की साताऱ्यातली माणसं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. फुलपाखरं पावसाळा सरता सरता बघायची असतात, हे मलाही ठाऊक आहे. चष्म्याचं दुकान सांभाळून गेली काही वर्षं मी आमच्या डोंगरांत त्यांच्यामागे फिरतोच आहे. पण या खेपेचा मुहूर्त माझा नव्हता, सासूबाईंचा होता.

सासूबाई मूळच्या लामत्याच्या. हे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं मोठं, शेतीचं गाव. लग्न होऊन त्या नागपूरला आल्या आणि तिथल्याच झाल्या. एप्रिलमध्ये आमच्याकडे राहायला आल्या असताना मी सहज त्यांना मोबाइलवर एका फुलपाखराचा फोटो दाखवला. हे फुलपाखरू पंख मिटून बसलं की हुबेहूब वाळलेलं पान दिसतं. तोच तपकिरी रंग, तशीच मधली शीर, खाली देठसुद्धा. सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "हेच," एवढंच त्या म्हणाल्या. पंख उघडल्यावर ते कसं दिसतं तेही दाखवावं म्हणून मी पुढच्या फोटोकडे बोट सरकवलं, तोवर त्या उठून बालाघाटला बहिणीला फोन लावायला गेल्या होत्या.

त्यामागची हकिगत माझ्या सासरी सगळ्यांना पाठ आहे. सासूबाई दहाएक वर्षांच्या असताना धाकट्या वच्छीला घेऊन लामत्याच्या पुढच्या जंगलात, नाल्याकडे गेल्या होत्या. आंब्याचे दिवस होते. तिथे त्यांनी वाकून एक वाळलेलं पान उचलायला हात घातला आणि ते पान उडून गेलं. घरी येऊन त्यांनी सांगितलं. वडिलांनी वच्छीला साक्षीला बोलावलं. ती पाठमोरी उभी होती, तिने काही पाहिलं नव्हतं. तिने सांगितलं, पानगिन काही उडालं नाही. झालं. तेव्हापासून सासूबाई माहेरी 'पानउडवी' झाल्या. म्हैस आटली म्हणाल्या, पाहुणे येताहेत म्हणाल्या, तरी घरचे म्हणत, बाईनं पान उडवलं.

ती वच्छी म्हणजे आताच्या वत्सलामावशी. बालाघाटच्या हिंदी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. फोनवर त्यांनी सासूबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मोबाइलमधी आजकाल कुत्राबी भाषण देते, फोटोचं काय घेऊन बसली. मग सासूबाई मला म्हणाल्या, तिकीट काढा. मी दिवाळीनंतरचं सुचवून पाहिलं. दिवाळीपर्यंत आम्हा दोघींतली कोण राहते आणि कोण नाही, असं त्या म्हणाल्यावर मी तिकिटं काढली. बायकोला रजा मिळाली नाही. निघालो जावई आणि सासू.

राजेगाव

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की नदीच्या पुलापलीकडे राजेगाव येतं. पुलाच्या अलीकडे पाट्या मराठीत, पलीकडे हिंदीत. माणसं मात्र दोन्हीकडे तीच आणि बोलणंही तेच. सासूबाईंचे धाकटे भाऊ गुणवंतमामा इथे शेती करतात. आम्ही चहापुरते थांबलो.

जावयाचं कौतुक आमच्याकडेही असतं. पण आमच्याकडे ते खुर्ची, चहा आणि 'दुकान कसं चाललंय' एवढ्यावर आटपतं. इथे साठी ओलांडलेले मामा 'जय भीम' म्हणून सरळ माझ्या पाया पडायला वाकले. भाचीच्या नवऱ्याच्या पाया पडायची इकडे रीत आहे, हे मला लग्नात सांगितलं होतं आणि मी ते विसरलो होतो. मी दचकून मागे सरलो तो दारातल्या पाण्याच्या बादलीत पाय गेला. मामा म्हणाले, चला, पाय धुणं तर झालं.

कशासाठी आलो ते सांगितल्यावर मामा पोट धरून हसले. प्रेमानेच हसले. "बाई, एवढ्या उन्हात जवाईबापूले घेऊन पान उडवाले आली का?" सासूबाई बशीतला चहा फुंकत राहिल्या. त्यांना या हसण्याची सवय आहे, असं मला तेव्हा वाटलं.

बालाघाट

मावशींचं घर नेटकं, दारात तुळशीऐवजी मोगरा, आणि बैठकीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पंचशील सुबक अक्षरांत लिहून लावलेलं. मावशींचे यजमान मावसाजी वीजखात्यातून निवृत्त झालेत. निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी बोलतात आणि त्यांचं सगळं लक्ष पुढच्या जेवणाकडे असतं. माझं त्यांच्याशी लगेच जमलं.

संध्याकाळी मी एक चूक केली. हे पानासारखं फुलपाखरू फुलांवर फारसं येत नाही. त्याला सडकी फळं, झाडातून पाझरणारा रस, आंबूस वास असलं काही आवडतं. म्हणून पिकून काळी पडलेली केळी, गूळ आणि थोडी दारू असा काला करून झाडाला फासायचा, असं मी वाचलं होतं. केळी आणि गूळ घरात होता. उरलेल्या तिसऱ्या वस्तूसाठी मी पंचशीलाच्या खाली बसून मावशींना विचारलं, की थोडी मोहाची मिळेल का.

फुलपाखरासाठी हवीय, असं मी सांगितलं. माणूस आजवर दारूसाठी काय काय कारणं सांगत आला असेल, त्यांतलं हे सर्वांत वाईट कारण होतं. मावशी माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाल्या, "बाई, पोरीनं कधी काही सांगतलं नाही का?" सासूबाईंनी मान खाली घातली. मी साताऱ्यात चहासुद्धा दोनदाच घेतो, हे सांगून काही उपयोग नव्हता.

मावसाजींनी मात्र मला अंगणात बोलावून खांद्यावर हात ठेवला. टेन्शन नका लेऊ, असं होते माणसाले, म्हणाले. तासाभरात ते पाण्याच्या बाटलीत जे हवं ते घेऊन आले. माझ्यावर विश्वास ठेवणारा घरात एकच माणूस होता आणि तोही चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवत होता. मी त्यांच्यासमोर ती दारू केळ्यांत ओतली तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

मावशींच्या निवृत्तीला मिळालेले स्टीलचे सारखे डबे स्वयंपाकघरात होते. त्यातल्या एकात मी काला भरून झाकण घट्ट लावलं. दुसऱ्यात सकाळी मावशींनी आमरस भरला. जावई कसाही निघाला तरी आमरसाचा मान त्याचा आहेच.

लामत्याच्या पुढे

उजाडताच मावसाजींच्या जुन्या व्हॅनमधून निघालो. मे महिन्याची सकाळ बालाघाटच्या बाजूला फार थोडा वेळ टिकते, पण असते तेव्हा सुरेख असते. धानाची रिकामी खाचरं, मोहाची लालसर नवी पालवी, आणि डोक्यावर तेंदूपत्त्याचे भारे घेऊन जंगलातून परतणाऱ्या बायका. विड्या वळायला जातात ती ही पानं. बायका पहाटेच जाऊन ऊन चढायच्या आत तोडून आणतात.

लामत्यात शाळेवरून जाताना सासूबाईंनी गाडी हळू करायला सांगितली. ही आमची शाळा, म्हणाल्या. मग अगदी सहज, गंमत सांगावी तसं त्यांनी सांगितलं, की इथल्या बाईंनी एकदा त्यांना थांबवून घेतलं होतं. तू पुढे बालाघाटला शिकायला जा, तुझ्या बाबांना सांग, म्हणाल्या होत्या. त्यांनी घरी जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, पानउडवीनं अजून एक पान उडवलं. मावसाजी हसले. सासूबाईही हसल्या. मीही हसायला लागलो आणि मधेच थांबलो, कारण मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेल्या मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. बालाघाटला शिकायला पुढे त्या गेल्या होत्या.

त्यानंतर परसवाड्याच्या रस्त्याला थोडं जाऊन, जंगलात उतरणाऱ्या एका कच्च्या वाटेवर आम्ही व्हॅन सावलीत लावली. तिथून नाला जवळच. सासूबाई छत्री टेकत पुढे निघाल्या आणि एका वळणावर थांबून म्हणाल्या, इथंच.

मी आजूबाजूला बघितलं आणि माझा धीर सुटला. उन्हाळ्यातलं सागा-सालाचं जंगल म्हणजे जमिनीवर नुसती वाळलेली पानं. घोट्यापर्यंत. डोंगरभर. त्यांतून वाळलेल्या पानासारखं दिसणारं फुलपाखरू शोधायचं होतं, आणि शोधणारा माणूस चष्मेवाला.

नाल्यात पाण्याची बारीक धार होती. तिच्या काठच्या ओल्या वाळूवर मात्र फुलपाखरांचा बाजार भरलेला. पिवळी, पांढरी, निळसर, काही शेपटीवाली, सगळी दाटीवाटीने बसून वाळूतलं पाणी शोषत होती. माझी सावली पडली की सगळी एकदम उठायची, माझ्या कानांवरून, पोटावरून फिरायची, आणि परत तिथेच बसायची. एक निळं बराच वेळ माझ्या मनगटावर बसून घाम चाखत राहिलं. उन्हाळ्यात काही दिसत नाही म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं होतं. मावसाजींना वाटलं काम झालं. एवढे तर हायेत, म्हणाले, यातलं कोणतंबी एक पसंत करा अन् जेवाले बसू.

पण सासूबाईंनी वाळूकडे बघितलंही नाही. त्या पानांतून हळूहळू चालत होत्या आणि छत्रीच्या टोकाने एकेक पान हलवून बघत होत्या. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. एकदा म्हणाल्या, "बाई, सगळ्या जंगलाची हजेरी घेशील का?"

मी डबा उघडून एका जाड मोहाच्या बुंध्याला काला फासला. पिवळाधमक, सढळ हाताने, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. रात्रभरात त्याचा वास पार गेला होता याचं मला जरा नवल वाटलं. मग आम्ही लांब बसून वाट पाहू लागलो.

आधी मुंग्या आल्या. मग माश्या. मग डोक्यावर तेंदूपत्त्याचा भारा घेतलेली एक बाई वाटेने आली, झाडाकडे बघून थांबली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "कौन सा देव बैठाए हो, भैया?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. भारा सावरून झाडाला एका हाताने नमस्कार केला आणि निघून गेली. मावशींनी कपाळाला हात लावला. काल दारू मागतली, आज देव बसवला, म्हणाल्या. जवाईबापू अजून दोन दिवस राहिले तर आमच्या घरात काहीच शिल्लक राहत नाही.

तेवढ्यात एक भलंमोठं वानर खाली उतरलं, बुंध्याला मिठी मारून बसलं आणि डोळे मिटून झाड चाटू लागलं. त्याने वरपासून खालपर्यंत सगळं चाटलं, मग हात चाटले, मग आमच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचा तृप्त भाव मी पूर्वी कुठेतरी पाहिला होता. अक्षय तृतीयेला, आमच्या घरी, पंगतीत.

मावशी जेवणाची तयारी करत होत्या. पुऱ्या काढल्या, कैरीचं लोणचं काढलं, चिन्नोर तांदळाचा मसालेभात काढला, ज्याचा वास इतका सुंदर की साताऱ्यात शेजारची घरं डोकावतील. शेवटी माझ्या ताटात आमरस वाढायला त्यांनी डबा उघडला. मसालेभाताचा वास गेला. त्या जागी जो वास आला त्याने मावसाजी ताट घेऊन दोन हात मागे सरकले.

मावशींनी डब्यात पाहिलं, झाडाला मिठी मारलेल्या वानराकडे पाहिलं आणि सगळं समजून घेतलं. "चाळून केलता," त्या म्हणाल्या. "वेलची टाकून." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर नाकाला लावला, डबा हातभर लांब धरला आणि तो रिकामा करायला नाल्याच्या वळणापलीकडे निघून गेल्या.

मी मान खाली घालून कोरडी पुरी खाल्ली. सासूबाई जेवल्याच नाहीत. उन्हाने लाल झाल्या होत्या, तरी छत्रीचं टोक बसल्या जागेवरून पोचेल तेवढी पानं हलवत होतं. त्यांना परत घेऊन जायला हवं होतं आणि ते बोलायचं कसं, याचा मी विचार करत होतो. साठ वर्षांनी त्या इथवर आल्या होत्या आणि मी त्यांना एक वानर दाखवलं होतं.

मावशींना फार वेळ लागला. मावसाजी हाक मारायला उठणार तेवढ्यात त्या वळणावरून आल्या. डबा हातात नव्हता. पदर खांद्यावरून घसरलेला, तो त्यांनी सावरला नव्हता. येऊन सासूबाईंसमोर पानांवरच बसल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "पान उडालं."

सासूबाईंनी छत्री खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. "वच्छे, आतातरी माही मजाक करू नोको," त्या म्हणाल्या. "एवढ्या दूर आली मी."

मावशी थट्टा करत नव्हत्या. त्यांनी सांगितलं ते असं. नाल्याकाठी अर्जुनाच्या झाडाच्या मुळांवर त्यांनी डबा उपडा केला, वाळूने घासून धुतला आणि वळल्या. टाकलेल्या घाणीवर एक वाळलेलं पान पडलेलं दिसलं. आता नव्हतं हे इथे, असं वाटून त्या वाकल्या. पान सोंड काढून केळं खात होतं. त्यांनी बोट पुढे केलं आणि ते उडालं.

आम्ही सगळे धावत तिकडे गेलो. धावत म्हणजे सासूबाईंच्या वेगाने. डबा वाळूत पडलेला, घाणीवर माश्या, आणि सभोवती हजारो पानं. मी गुडघ्यांवर बसून एकेक पान उचलू लागलो. मावसाजी मूठमूठभर पानं हवेत फेकून बघत होते, न जाणो एखादं खाली येणार नाही. चष्मेवाल्या जवाईले दिसत नाही अन् मले दिसलं, असं मावशी पुटपुटत होत्या, पण त्यात टोमणा उरला नव्हता. काही उडालं नाही. शेवटी आम्ही दमून थांबलो.

सासूबाई अर्जुनाच्या मुळावर बसल्या होत्या. त्यांनी बहिणीला विचारलं, "आतून कसं होतं?"

"निळं," मावशी लगेच म्हणाल्या. "लय निळं व बाई. दौतीतल्या शाईवानी. अन् मधातून नारंगी पट्टा, तिरपा. उडालं तवाच दिसलं, मंग पुन्हा पान होऊन गेलं."

ते अगदी तसंच असतं. मला पुस्तकामुळे माहीत होतं आणि माझ्या मोबाइलमध्ये तो दुसरा फोटोही होता, जो या दोघींपैकी कोणीच अजून पाहिला नव्हता. मी खिशात हात घातला. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता मान हलवली, तशी मी हात रिकामाच बाहेर काढला.

"तुम्ही हा रंग कधी सांगितला नाहीत," मी म्हणालो.

"कोणी इचारलाच नाही," त्या म्हणाल्या. "सगळे एवढंच म्हणत, पान कसं उडंल."

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली. ही गोष्ट मी दर दिवाळीला ऐकली आहे आणि दर दिवाळीला हसलो आहे. मीही कधी विचारलं नव्हतं.

मावशींनी सासूबाईंना हात धरून उठवलं. नाल्यातून येताना दोघी एकमेकींना धरून चालत होत्या, आणि कोण कोणाला सांभाळतंय ते कळत नव्हतं. मावसाजींनी उरलेला मसालेभात व्हॅनच्या दारात उभं राहून संपवला. सासूबाईही दोन पुऱ्या जेवल्या. मी गाडीत मागे बसलो आणि दोन्ही रिकामे डबे मांडीवर घेतले.

लामता जवळ आल्यावर मोबाइलला रेंज आली. मावशींनी सगळ्यांत आधी राजेगावला गुणवंतमामांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. गुणवंता, पान खरंच उडते, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, असं त्यांनी शाळेत निकाल वाचून दाखवावा तशा आवाजात सांगितलं. पलीकडून मामांचं ते पोट धरून हसणं आलं. "आता तूबी का व, वच्छे? ऊन लागलं तुले. घरी जा अन् पन्हं पी."

मावशींनी पुन्हा सांगितलं, रंगासकट. मामा आणखी हसले. एवढं गणित शिकवलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं न बोलता खोटं ठरणं हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

पुढे बसलेल्या सासूबाईंनी मागे हात केला. मावशींनी फोन त्यांच्याकडे दिला.

"गुणवंता, हसू नोको," सासूबाई म्हणाल्या. "वच्छी खरं बोलून राह्यली."

मामांचं हसणं थांबलं. "तू पाह्यलं का, बाई?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "मले नाही दिसलं. पण वच्छी म्हणते उडालं, म्हणजे उडालं."